एक, चार, सात : ब्राझिलियन टांगोचा हेलकावा

तोंडानं सावकाश "तिरकिट तिरकिट" म्हणा. दोन मात्रा, आठ अक्षरं, सगळी सारख्या अंतरावर. आता टाळी फक्त पहिल्या, चौथ्या आणि सातव्या अक्षरावर द्या. म्हणजे पहिल्या तिरकिटातले ति आणि ट, आणि दुसऱ्यातला कि. तीन-तीन-दोन. केरव्याच्या लग्गीत ही विभागणी अधूनमधून येते, त्यामुळे आपल्या हाताला ती अगदीच परकी नाही.

ही टाळी न चुकता पाच मिनिटं देता आली, तर रिओ दि जानेरोच्या दिवाणखान्यांत १८७० ते १९२०च्या दरम्यान वाजणाऱ्या पियानोच्या टांगोंचं अर्धं गुपित हातात आलं. उरलेलं अर्धं या तीन टाळ्यांमध्ये काय भरायचं आणि काय रिकामं सोडायचं यात आहे. हा लेख त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल आहे, आणि तो मुख्यतः पियानो वाजवणाऱ्यांसाठी आहे. नुसतं ऐकणाऱ्यांनी मधले सेमीक्वेव्हरचे (पाव मात्रेच्या स्वरांचे, म्हणजे वरच्या एकेका अक्षराचे) हिशोब खुशाल ओलांडून जावे.

आधी नावाचा घोळ. ब्राझिलियन टांगो हा अर्जेंटिनाच्या टांगोचा धाकटा भाऊ नव्हे. एकोणिसाव्या शतकात स्पॅनिश बोलणाऱ्या जगात "टांगो" हा शब्द क्युबाहून आलेल्या हाबानेराच्या चालीच्या गाण्यांना सर्रास लावत, आणि स्पॅनिश संगीतिकांबरोबर तो रिओत उतरला. तिथे पोल्का आधीच येऊन बसली होती, १८४५ पासून. लुंडू हा आफ्रिकी वळणाचा नाच तर त्याहून जुना. पोल्काचा दोन मात्रांचा साचा, हाबानेराचा खर्ज आणि लुंडूची आडवी लय, हे तिन्ही रिओतल्या वादकांच्या हातात एकमेकांत मुरले. त्यावर जोडीनं, अंगाला अंग लावून जो नाच नाचला जाई तो माशीशे. सभ्य घरांत माशीशेचं नावही काढायची सोय नव्हती. पण छापील स्वरलिपी विकत घेणारं गिऱ्हाईक म्हणजे नेमकी तीच घरं, आणि त्यांतल्या पियानो शिकणाऱ्या मुली. मग प्रकाशकांनी आणि रचनाकारांनी सोपा मार्ग काढला: मुखपृष्ठावर "टांगो" छापायचं. आत काय आहे ते वाजवणाऱ्याला कळतंच.

हा पडदा किती पातळ होता ते १९१४ साली दिसलं. शिकिन्या गोंझागा या बाईंची १८९५ची "गाउशू" नावाची रचना होती. छापील वर्ग टांगो, लोकांच्या तोंडी नाव "कोर्ता-झाका". २६ ऑक्टोबर १९१४ला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नायर दे तेफे यांनी कातेते राजवाड्यातल्या मेजवानीत ती चक्क गिटारवर वाजवली. रुई बार्बोझांनी सिनेटमध्ये यावर आगपाखड केली, की असलं हलकं संगीत सरकारी समारंभात शोभतं का. जाता जाता: "झाका" म्हणजे फणस. कोर्ता-झाका, फणस काप. पोर्तुगीजांनी हा शब्द मल्याळी "चक्का"वरून उचलला आणि फळही भारताच्या किनाऱ्यावरून ब्राझीलला नेलं. कोकणातल्या वाचकांना राष्ट्राध्यक्षांच्या महालात फणसावरून झालेला हा तंटा आपलाच वाटायला हरकत नाही.

या प्रकारातलं सगळ्यात मोठं नाव एर्नेस्तू नाझारे. जन्म १८६३, मृत्यू १९३४, सगळा जन्म रिओत. पहिली छापील रचना चौदाव्या वर्षी, १८७७ साली. एकूण रचना दोनशेच्या वर, आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या गटावर शिक्का टांगोचा. १८९३चा "ब्रेझेइरू" त्यांनी ५० मिल-रेइसला (हे तेव्हाचं ब्राझिलचं चलन) प्रकाशकाला विकून टाकला. प्रकाशकानं त्यावर किती कमावले असतील ते सांगायला नको. पुढे आव्हेनिदा सेंत्राल या नव्याकोऱ्या हमरस्त्यावर ओडिऑन चित्रपटगृह निघालं आणि तिथल्या प्रतीक्षागृहात ते पियानो वाजवू लागले. मूकपटापेक्षा बाहेरचा पियानो ऐकायला माणसं तिकीट काढत, असं सांगतात. "ओडिऑन" हा टांगो याच चित्रपटगृहाच्या नावाचा.

नाझारे स्वतः आपल्या रचनांना माशीशे म्हणू देत नसत. सभ्यपणाची धडपड म्हणून हे हसण्यावारी नेलं जातं. त्यांचं म्हणणं निम्मं तरी खरं आहे, असं मला वाटतं. कारण मधल्या स्वरांची जी वीण त्यांनी घातली आहे ती नाचणाऱ्या पायांना ऐकूच येणार नाही; ती बसून ऐकायची आहे. पियानोचा पोलिश रचनाकार शोपँ त्यांच्या बोटांत लहानपणापासून मुरलेला होता. पण नाच काढून टाकला तर उरतो तो शोपँचा गरीब पुतण्या, हेही तितकंच खरं.

आता तिरकिटाकडे परत. एक, चार, सात या तीन टाळ्यांत पाचवी मिळवा: एक, चार, पाच, सात. हा हाबानेराचा खर्ज. स्टाफ नोटेशनमध्ये टिंबवाला क्वेव्हर (क्वेव्हर म्हणजे अर्धी मात्रा, टिंबानं पाऊण होते), मग सेमीक्वेव्हर, मग दोन क्वेव्हर. यात आणखी दुसरं अक्षर मिळवा: एक, दोन, चार, पाच, सात. म्हणजे सेमीक्वेव्हर, क्वेव्हर, सेमीक्वेव्हर, आणि पुढे दोन क्वेव्हर. ब्राझिलमध्ये मारिउ दे आंद्रादे या अभ्यासकापासून याला "सिंकोपी काराक्तेरिस्तिका", म्हणजे खास ओळखीची आडलय, असं म्हणतात. क्युबातून आलेला आणखी एक तुकडा अधूनमधून भेटतो: एक, तीन, चार, सहा, सात. कागदावर चार वेगवेगळे आकृतिबंध दिसतात खरे, पण प्रत्येकाच्या पोटात एक-चार-सात आहेच. म्हणूनच डावा हात हाबानेरा वाजवत असताना उजव्यानं सिंकोपी वाजवली तर कुठेही खटका येत नाही. पाचपैकी चार जागा सामाईक आहेत. वेगळं फक्त दुसरं अक्षर. सगळा हेलकावा त्या एका अक्षराच्या फरकातून निघतो.

आणखी एक सवय या संगीताची: उजवा हात समेवर गप्प बसतो. बारचं, म्हणजे दोन मात्रांच्या आवर्तनाचं, पहिलं सेमीक्वेव्हर विरामाचं, आणि धून दुसऱ्यापासून उचलते. समेवर डाव्या हाताचा एकटा खर्ज वाजतो, लगेच वरून उत्तर येतं. तबलजीनं सम द्यावी आणि गाणाऱ्यानं ती अंगावरून जाऊ देऊन मग तोंड उघडावं, तसं. नव्यानं शिकणारे या विरामाला घाबरतात आणि घाईनं तो गिळतात. मग धून एका अक्षरानं आधी सुरू होते आणि दोन्ही हात एकदम आपटतात. तो विराम मोजायचा नाही, खर्ज ऐकायचा. खर्जाचा स्वर कानावर आला की धून सोडायची.

यापुढचं काम नाजूक आहे. सिंकोपीतलं "छोटा-मोठा-छोटा" कागदावर १:२:१ असं लिहिलेलं असतं. तसं तंतोतंत वाजवलं तर ते शिलाई मशीनसारखं वाजतं. रिओतला वादक ते तीन समान भागांच्या दिशेनं, ट्रिपलेटकडे, सरकवतो. पण पूर्ण ट्रिपलेट होऊ देत नाही. मेट्रोनोम ७६वर ठेवला तर एक क्रोचेट, म्हणजे एक मात्रा, साधारण ७९० मिलिसेकंदांचा. त्याचा पाव भाग सुमारे १९७, तिसरा भाग सुमारे २६३. म्हणजे पहिला छोटा स्वर या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी संपतो, आणि खेळायला मिळालेली जागा सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्याएवढी. डोक्यानं मोजून हे साधत नाही. फ्रेंच रचनाकार दारियुस मियो १९१७ला कवी आणि फ्रेंच मुत्सद्दी पोल क्लोदेल यांचा सचिव म्हणून रिओत गेला, तेव्हा त्याला हीच अडचण आली. आडलयीत एक जेमतेम जाणवणारा थांबा आहे आणि तो पकडीत येत नाही, असं त्यानं नंतर लिहून ठेवलं आहे. त्यानं टांगो आणि माशीशेच्या प्रतींचा गठ्ठा विकत घेतला आणि त्या वाजवत बसला. पुढे पॅरिसमध्ये रचलेल्या "ल बफ स्यूर ल त्वा"मध्ये त्यानं रिओच्या कितीतरी धुना जशाच्या तशा ओवल्या, नाझारेच्या आणि गोंझागाच्याही.

सरकवायचं ते फक्त उजव्या हातानं. डाव्या हाताचा हाबानेरा घड्याळासारखा हवा. हा भेद पाळला नाही की सगळा डोलारा कोसळतो, कारण दोन्ही हात एकत्र सैल झाले तर ऐकणाऱ्याला हेलकावा ऐकू येत नाही, नुसती ढिली लय ऐकू येते. ठेका जागचा हलत नाही म्हणून तर गवय्याला मागेपुढे होता येतं.

डावा हात बसवायची एक रीत सांगतो.

पहिल्या दिवशी मेट्रोनोम ६०वर ठेवून नुसता डावा हात. करंगळीनं खर्ज (अक्षर १), मग उडी मारून कॉर्ड (अक्षर ४), तीच कॉर्ड पुन्हा (५), आणि पुन्हा (७). खर्ज ते कॉर्ड या उडीला तीन अक्षरांचा वेळ आहे. ७६च्या लयीतसुद्धा तो अर्ध्या सेकंदाहून जास्त भरतो. म्हणजे उडी अजिबात अवघड नाही. अवघड आहे ते पोचल्यावर थांबणं. हात लवकर पोचतो आणि बोटं कॉर्ड दाबून मोकळी होतात, मग चौथं अक्षर तिसऱ्याकडे झुकतं. उलट जे बँडच्या संचलनावर वाढलेले असतात ते चौथं अक्षर पाचव्याला इतकं चिकटवतात की टांगोचं लेझीम होतं. उपाय एकच. उडी मारून बोटं पट्ट्यांवर नुसती टेकवा, तोंडानं "तिरकि" म्हणा आणि "ट"वर दाबा.

दुसऱ्या दिवशी तेच, पण आवाजाची उतरंड लावून. खर्ज मध्यम, चौथ्या अक्षराची कॉर्ड सगळ्यात हळू, पाचवी जरा वर, सातवी आखूड आणि हलकी. चौथं अक्षर ही पाचव्याची उचल आहे, तिच्यावर जोर नको. नेमका तिथेच सगळ्यांचा अंगठा जड पडतो.

मग उजवा हात मांडीवर ठेवून सिंकोपीची थाप, डावा पियानोवर. दोन्ही जुळले की उजवा एकाच स्वरावर. धून सगळ्यात शेवटी. "ब्रेझेइरू"पासून सुरुवात करावी ती याचसाठी. त्याच्या पहिल्या भागात स्वरसंगतीचं ओझं जवळजवळ नाहीच, मूळ सुराची कॉर्ड आणि पंचमाची कॉर्ड यांचीच अदलाबदल. सगळं लक्ष लयीवर ठेवता येतं.

पियानो इथे पियानो म्हणून लिहिलेलाच नाही, ही गोष्ट मला या रचनांत सर्वांत मोलाची वाटते. रिओच्या गल्ल्यांत तेव्हा शोरू, म्हणजे तिथलं वाद्यसंगीत, वाजवणाऱ्या टोळ्या फिरत. बहुधा तिघे: एक फ्लूट, एक काव्हाकीन्यू (चार तारांचं, गिटारीचं छोटं पिल्लू), एक गिटार. फ्लूट धून घेई, काव्हाकीन्यू मधल्या पट्टीत तालाच्या कॉर्ड खुडे, आणि गिटारवाला जाड तारांवर धुनेला उत्तरं देणारे खर्जातले पलटे फिरवी. या पलट्यांना "बायशारिया" म्हणतात. नाझारेंनी ही तिघांची मंडळी दहा बोटांत बसवली.

"ओडिऑन"चा पहिला भाग घ्या, सी शार्प मायनरमधला. धून डाव्या हातात आहे, खाली खर्जात, आणि उजवा हात वरून आडव्या लयीत कॉर्ड टाकतो. हा सरळ सरळ गिटारवाल्याचा पलटा आहे आणि वरच्या कॉर्ड काव्हाकीन्यूच्या. हे ठाऊक नसलेला वादक सवयीनं उजवा हात मोठा वाजवतो. मग ऐकणाऱ्याला नुसती चक-चक ऐकू येते आणि खाली काहीतरी गुरगुरतं. डावा हात गायला हवा. एकेक स्वर सुटा, पण तुटक नाही. जाड तार खुडल्यावर ती पुढच्या स्वरापर्यंत जेवढी घुमते तेवढाच जोड. उजव्या हाताच्या कॉर्ड मनगटातून, पट्टीच्या पृष्ठभागाशीच, आवाज डाव्याच्या निम्मा. ताळा असा: शेजारच्या खोलीत माणूस बसवा आणि त्याला धून गुणगुणायला सांगा. त्याला जमली नाही तर उजवा अजून जड आहे.

"आपान्येइ-ते, काव्हाकीन्यू" मध्ये उलटं. उजवा हात वरच्या पट्टीत अखंड सेमीक्वेव्हरची माळ ओवतो, तो फ्लूट. डावा काव्हाकीन्यू. हा टांगो नव्हे, पोल्का आहे; १९१४च्या आसपासचा. हल्ली तो शर्यतीसारखा वाजवायची चाल पडली आहे. फ्लूटवाल्याला श्वास घ्यावा लागतो एवढं ध्यानात ठेवलं तरी वेग आपोआप शहाणा होतो. दर चार बारांनंतर ओळ जिथे वळते तिथे मनगट उचला. वेळ घ्यायचा नाही, फक्त उचलायचं.

लयीबद्दल बोलतोच आहोत तर, टांगोसाठी क्रोचेट ७२ ते ८४. त्याहून जलद गेलं की सिंकोपी सरकवायला जागाच उरत नाही. सगळं १:२:१ होऊन कडक वाजतं. ६६च्या खाली गेलं तर हाबानेरा लंगडायला लागतो. नाझारेंच्या स्वतःच्या हाताचं ध्वनिमुद्रण ऐकायला मिळतं हे आपलं नशीब: १९१२ला फ्लूटवादकाबरोबर "ओडिऑन" वगैरे, आणि १९३०ला एकट्यानं चार रचना, त्यांत "एस्कोव्हादू" आणि "आपान्येइ-ते" आहेत. तेव्हा वय ६७, कान जवळजवळ गेलेले. आवाज खरखरीत आहे. तरी डावा हात ऐका. तो कुठेही वाट बघत नाही.

पेडल. बहुतेक बिघाड इथेच होतो आणि दोष मात्र बोटांना दिला जातो. वाल्ट्झच्या सवयीनं बारभर पेडल दाबून ठेवलं की चौथ्या अक्षराची कॉर्ड खर्जाच्या धुक्यात बुडते आणि हाबानेरा ऐकूच येत नाही. खर्जाबरोबर पेडल घ्या आणि चौथ्या अक्षराच्या आधी सोडा. पाचव्यावर वाटलं तर पुन्हा किंचित. सातवं अक्षर नेहमी कोरडं. "ओडिऑन"च्या पहिल्या भागात तर पेडलला हात, म्हणजे पाय, न लावलेलाच बरा; खालच्या सप्तकात लागून लागून उतरणारे स्वर पेडलमध्ये एकमेकांना खातात. डिजिटल पियानोवर वाजवणाऱ्यांनी हॉल-रिव्हर्बही बंद करावा. तो म्हणजे कायम दाबलेलं अर्धं पेडलच.

बांधणी सोपी आहे. तीन भाग, प्रत्येक सोळा बारांचा, आणि क्रम बहुधा असा: पहिला दोनदा, दुसरा दोनदा, पहिला, तिसरा दोनदा, आणि शेवटी पहिला. आठ गुणिले सोळा, १२८ बार. क्रोचेट ७६ला हे तीन मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास भरतं. जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटं मावत, म्हणजे सगळ्या पुनरावृत्त्या घेतल्या तर काठावरून सांडणारच. दुसरा भाग जवळच्या सुरात जातो, मायनरमधून जोडीच्या मेजरमध्ये किंवा पंचमाकडे. तिसरा भाग, ज्याला ट्रिओ म्हणतात, पुष्कळदा मध्यमाच्या सुरात आणि स्वभावानं निवांत. सगळ्याच रचना या चौकटीत नाहीत. "ब्रेझेइरू" दोनच भागांचा आहे.

पहिला भाग चारदा येतो, हे विसरून जे वाजवतात त्यांचा टांगो तिसऱ्या खेपेला कंटाळवाणा होतो. शोरूवाले प्रत्येक खेपेला थोडं बदलत. नाझारेच्या छापील स्वरांत फार ढवळाढवळ करू नये या मताचा मी आहे, कारण मधले स्वर त्यांनी विचार करून बांधले आहेत. पण बदलायला जागा आहे: दुसऱ्या खेपेला आवाज एक पायरी खाली, तिसऱ्याला मधल्या कॉर्डमधला एखादा उतरता स्वर पुढे काढा (असे अर्ध्या-अर्ध्या सुरानं उतरणारे धागे त्यांच्याकडे जागोजाग लपलेले असतात), शेवटच्या खेपेला डावा हात थोडा ठसठशीत.

स्वरसंगतीत धक्का देणारं फारसं काही नाही. पंचमाचे पंचम, डिमिनिश्ड कॉर्ड, आणि ओळीच्या तोंडाशी परका सूर लावून मग आपल्या सुरावर निसटणं. हे निसटणं मात्र सांभाळून वाजवायचं. परका सूर जरा दाबून, खालचा हलका. शोरू हा शब्दच रडण्यावरून आला असं बरेच जण मानतात, आणि तो हुंदका या दोन स्वरांत आहे. कागदावर ते दोन साधे सेमीक्वेव्हर दिसतात. तसेच वाजवले तर धून कोरडी, मोजणीची वाटते.

चुका वादक कुठून आला त्यावर ठरतात. परीक्षांसाठी तयार झालेला वादक सगळं बरोबर वाजवतो आणि प्रत्येक चौथ्या बारला शोपँसारखा रेंगाळतो. नाचणारी जोडी असती तर तिथे अडखळून पडली असती. त्यानं महिनाभर मेट्रोनोम फक्त बारच्या पहिल्या अक्षरावर लावावा आणि मधलं अंतर स्वतः भरावं. रॅगटाइम हे अमेरिकी पियानोसंगीत वाजवणाऱ्याची अडचण वेगळी. रॅगटाइम आणि हा टांगो दिसायला सख्खे: दोन मात्रा, सोळा-सोळा बारांचे भाग, आडवी धून. पण रॅगचा डावा हात सरळ चालतो, एक-तीन-पाच-सात, खर्ज-कॉर्ड-खर्ज-कॉर्ड. इथे डावा हात स्वतःच आडवा आहे. हात सवयीनं तिसरं अक्षर वाजवायला लागला की काम संपलं. शिवाय रॅगवाला सिंकोपीच्या मधल्या मोठ्या स्वरावर ठोसा मारतो. इथे तो स्वर लांब असतो म्हणूनच ऐकू येतो, त्याला ठोशाची गरज नाही. अर्जेंटिनाचा टांगो ऐकून आलेला माणूस चार सारखे कडक ठोके मारतो. ब्वेनोस आयरिसनं हाबानेराचा खर्ज विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत हळूहळू टाकून दिला, रिओनं ठेवला. दोघांचे रस्ते तिथेच फुटले. आणि कीबोर्डवर "टँगो" नावाचा तयार ताल लावून वर धून वाजवणाऱ्यांना एवढंच सांगतो की तो बहुतेक वेळा अर्जेंटिनाचा असतो. बंद करा.

डाव्या हाताचा पंजा लहान असेल तर खर्जातले ऑक्टेव्ह खुशाल एकेरी करा, खालचा स्वर ठेवून. चार बोटांच्या कॉर्डमधला दुहेरी आलेला स्वर गाळा. मात्र कॉर्डमधला तिसरा स्वर आणि सातवा स्वर गाळू नका, मधले धागे त्यांवर लोंबतात. खालून वर फिरवून कॉर्ड तोडणं टाळा, कारण चौथ्या अक्षरावर तोडलेली कॉर्ड पाचव्यावर सांडते.

स्वरलिपी फुकट मिळते. नाझारे जाऊन नव्वदहून जास्त वर्षं झाली, हक्क केव्हाच संपले, आणि जुन्या छापील प्रतींचे स्कॅन इंटरनेटवर आहेत. जुन्या प्रतींत बारच्या रेघेवरून जाणारे टाय (एकाच सुराचे दोन स्वर जोडणाऱ्या कमानी) फिके छापलेले असतात, तेवढे भिंग लावून बघा. टाय सुटला की तो स्वर समेवर पुन्हा वाजतो आणि जिथे उजव्या हातानं गप्प राहायचं तिथे तो बोलतो. क्रम म्हणाल तर "ब्रेझेइरू", मग "ओडिऑन", मग "एस्कोव्हादू", आणि "आपान्येइ-ते" शेवटी. "बातुकी" ही मैफिलीच्या तयारीची भारी रचना, ती त्यानंतर. "फॉन-फॉन!" मध्येच कुठेतरी, हात मोकळा असेल तेव्हा, नाव मोटारीच्या भोंग्याचं आणि त्याच नावाच्या सचित्र साप्ताहिकाचं, त्यामुळे तिथे थोडा खट्याळपणा चालतो.

शेवटच्या बारला वेग उतरवू नका. पाश्चात्त्य पियानोवर वाढलेल्यांना शेवट म्हटलं की रेंगाळल्याशिवाय राहवत नाही. इथे धून लयीतच संपते, शेवटची कॉर्ड आखूड, पाय पेडलवरून आधीच उचललेला, आणि डाव्या हाताचा खर्ज उजव्यापेक्षा केसभर आधी थांबलेला.